डाव्या बाजूची जागा

दोऱ्याचा रंग काही केल्या जुळेना. वहिनींनी कातड्याचा तुकडा उजेडात धरला, सावलीत धरला. दुकानदाराने एकामागून एक सतरा रिळं काढून फळीवर मांडली. एक फार पिवळं, एक फार लाल. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "वहिनी, गाडीत बसणारा रस्त्याकडे बघतो हो. टाक्याकडे कोण बघतंय?"

"टाका ज्याने घातला, तो बघतो," वहिनी म्हणाल्या आणि अठरावं रीळ उचलून त्यांनी पिशवीत टाकलं.

स्वभावच तसा. नवरा जुन्या गाड्या नव्या करणारा. सगळे त्याला उस्ताद म्हणत, म्हणून या आपोआप सगळ्यांच्या वहिनी झाल्या. गाडीचं लोखंड त्याचं आणि कातडं-कापड यांचं, अशी तीस वर्षांची वाटणी. खाली गॅरेज, वर घर, आणि जिन्याच्या वळणावर वहिनींची शिवणाची खोली. काम हातात घेण्याआधी दोन क्षण डोळे मिटून हात जोडायचे, घेतलेलं काम नीट करायचं, कुणाचं वाईट चिंतायचं नाही. आजच्यापेक्षा उद्याचा दिवस बरा उगवेल असं धरून चालायचं. एवढाच त्यांचा धर्म, पण तो त्यांनी कसोशीने पाळलेला.

आणि बरा दिवस खरोखरच जवळ आला होता. दोन वर्षांपूर्वी उस्तादांच्या छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की रंगाचा वास, वाकणं, ओझी उचलणं सगळं बंद. उस्ताद म्हणाले, हातात घेतलेली एवढी एक गाडी पुरी करतो, विकतो, मग गॅरेजला कुलूप. लेकीकडे जाऊन राहू, नातवंडांच्या सायकली दुरुस्त करीत बसेन. त्याच दिवशी वहिनींनी देवाला शब्द दिला. ही गाडी विकली जाऊन हा माणूस या धंद्यातून सुखरूप सुटेपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही. गोड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून तर तेच पणाला लावलं.

गाडी होती मात्र तशी देखणी. पन्नास वर्षं जुनी, हिरवी, दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, पक्क्या छपराची. एके काळी शर्यतीत धावायला केलेली जात. भंगारवाल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली होती आणि आत उंदरांचा संसार थाटलेला होता. उस्तादांनी ती उघडली तेव्हा दारांच्या पोकळीतून वाळलेला गाळ निघाला, बोटभर जाड.

"कुठल्या तरी पुरात सापडली असणार," उस्ताद म्हणाले.

आणखी एक गोष्ट निघाली. डाव्या दाराला आतून हँडलच नव्हतं. तुटलंबिटलं नव्हतं. त्या जागी पितळेची चकती बसवून भोक व्यवस्थित बुजवलं होतं आणि वर दाराचाच रंग दिला होता.

रंगारी तिथेच डबे घोटत बसला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "मालक चिक्कू असणार, उस्ताद. दुकान दिसलं की बायको उतरते. मग काढून टाकलं हँडल. घरी जाऊन मीही हेच करतो."

"तुझी बायको काचेतून उडी मारेल," वहिनी म्हणाल्या, आणि तिघेही हसले.

पण उस्तादांचा धंद्याचा नियम कडक. कारखान्यातून निघताना गाडीवर जे होतं, ते सगळं जागच्या जागी हवं. खिळासुद्धा कमी चालायचा नाही. उजव्या दाराचं हँडल समोर ठेवून त्यांनी डावं हँडल लेथवर घडवायला घेतलं. ते काम चालू राहिलं आणि इकडे वहिनींनी सीटा शिवून दिल्या. तपकिरी कातडं, अठराव्या रिळाचा दोरा, एकही टाका वाकडा नाही.

सीटा बसवल्या त्याच दिवशी गाडी डावीकडे कलली.

फार नाही, दोन बोटं. पण असली बुटकी गाडी रस्त्याला चिकटून पळते. ती जमिनीशी सपाट नसली तर वळणावर दगा देते. म्हणून उस्ताद चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून गाडी तोलायचे. काट्यांवर डावी बाजू अठ्ठेचाळीस किलोंनी जड भरली. उस्तादांनी काटे अदलून-बदलून पाहिले, सीटा उजवी-डावी केल्या, शेवटी स्प्रिंगा नव्या घातल्या. पुन्हा अठ्ठेचाळीस. ना एक कमी, ना एक जास्त.

"दोन्ही सीटा नऊ-नऊ किलोच्या," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मग हे अठ्ठेचाळीस कुठून आलं?"

वहिनींना दुसरंच काही दिसलं होतं. नवं कोरं कातडं माणूस बसल्याशिवाय चुरगळत नाही. महिनोन् महिने कुणी बसावं, तेव्हा मांडीखाली आणि पाठीच्या खोलगटात बारीक सुरकुत्या उमटतात. डाव्या सीटवर त्या चार दिवसांत उमटल्या होत्या. गॅरेजमध्ये तर त्या सीटवर कुणी बूडही टेकलं नव्हतं. वहिनींनी तळहात ठेवून पाहिला. कातडं गार होतं आणि दमट. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि सीटला तळ्याच्या काठच्या चिखलाचा वास होता.

दुखण्याचं मूळ सापडेना, तेव्हा उस्तादांनी कुबडी दिली. डाव्या स्प्रिंगांखाली जाड पॅकिंग घातलं. गाडी सरळ झाली. मनाला पटलं नव्हतं, पण दिसायला ढळढळीत चूक राहिली नाही. फोटो काढले, 'विकणे आहे' म्हणून जाहिरात दिली. मग एका संध्याकाळी हँडल तयार झालं. उस्तादांनी ते चमकवून डाव्या दाराला आतून बसवलं, दहा वेळा वर-खाली करून पाहिलं. खटका लोण्यासारखा चालत होता.

"आता कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नाही," ते म्हणाले आणि शटर ओढून वर जेवायला गेले.

सकाळी शटर उघडलं तर गाडी उजवीकडे कलली होती. डावी बाजू दोन बोटं वर.

उस्ताद उकिडवे बसून बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. "पॅकिंग जास्त झालं वाटतं."

"काल तर सरळ होती," वहिनी म्हणाल्या.

"होती खरी."

"अहो... ओझं होतं, त्या ओझ्याच्या हिशोबाने तुम्ही ती सरळ केलीत. आता ओझंच नाही."

उस्तादांनी मान वर केली. वहिनींना त्यांच्या डोळ्यांत प्रश्न दिसला. मग ओझं कुठे गेलं?

डाव्या दारापासून जिन्यापर्यंत फरशीला एक ओलसर पट्टा होता. जिन्याच्या पायऱ्यांवरही होता. वळणापर्यंत.

शिवणाच्या खोलीत मशीनपुढे वहिनींचं स्टूल असे, वर त्यांनीच शिवलेली जाड गादी. गादी मधोमध खाली दबली होती. स्टुलावर कुणी नव्हतं. खिडकीतून सकाळचं ऊन सरळ त्या गादीवर पडलं होतं, आणि गादी दबलेलीच होती. खोलीत तो वास भरून राहिला होता, साठलेल्या पाण्याचा, शेवाळाचा. काठावरून एक थेंब सुटला, फरशीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा.

वहिनींचे पाय उंबऱ्यालाच थिजले. त्यांनी चौकट धरून देवाचं नाव घेतलं. मग भीतीच्या तळाशी दुसरंच काही हललं. गादीवरचा तो खड्डा लहान होता. पुढच्या काठाला अंग चोरून बसलेला. जागा आपली नाही, कुणी उठवलं तर लगेच उठता यावं, अशी माणसं असतात ना, तसा.

वहिनींनी कपाटातून एक कोरडा टॉवेल काढला, हात लांब करून मशीनच्या कडेला ठेवला. "बस बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "घाबरू नको."

कुणी कुणाला घाबरायचं, हे त्यांना नंतर आठवून अंगावर काटा आला. पण त्या वेळी तोंडून तेच निघालं.

संध्याकाळी टॉवेल चिंब भिजला होता. त्याची चार पदरी घडी घालून तो होता तिथेच ठेवलेला होता, कडेला कड लावून.

तीन दिवस हे असंच चाललं. रोज कोरडा टॉवेल, रोज ओली घडी. वहिनींनी मशीन खोलीबाहेर आणलं आणि जिन्यात बसून शिवू लागल्या. उस्ताद मशीन उचलायला आले होते, तेव्हा त्यांनी गादी पाहिली. फक्त जाताना म्हणाले, "गाडी लवकर जायला हवी गं." वहिनींनाही तेच हवं होतं. तिच्याबरोबर जे काही आहे ते जावं, आणि हा माणूस इथून बाहेर पडावा.

चौथ्या दिवशी फोन आला. उस्तादांनी उचलला, वहिनी शेजारीच होत्या. पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा सावकाश, शिकलेला आवाज होता. गाडी किती पळते, इंजिन कुठलं, किंमत काय, यातलं काही त्याने विचारलं नाही.

"डाव्या दाराला आतून हँडल आहे का?"

"आहे की," उस्ताद अभिमानाने म्हणाले. "नव्हतं, मी नवीन घडवलं."

पलीकडे रिसीव्हर दुसऱ्या हातात गेल्यासारखी खरखर झाली.

"...कधी बसवलंत?"

"झाले चार दिवस."

"उद्या दुपारी येतो," आवाज म्हणाला. "तोवर ते दार उघडू नका."

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात तो आला. सहा फूट उंच, पाठ ताठ, कडक इस्त्रीचे कपडे, हातात कातडी मोजे. बोलणं अगदी मऊ. गाडीच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, छपरावरून हात फिरवला. डावीकडे मात्र तो गेला नाही.

वहिनी जिन्यात मशीनवर होत्या. त्यांच्या पाठीमागे, शिवणाच्या खोलीत, गादी फसकन् फुगल्याचा आवाज झाला. मग पायऱ्यांवरून एक गारवा उतरत आला. त्यांच्या अगदी जवळून गेला, त्यांच्या डाव्या दंडाला ओलं काही घासून गेलं. वहिनींनी मशीनचं चाक घट्ट धरलं. खाली गॅरेजमध्ये डाव्या दाराचा खटका हलकेच वाजला. आणि गाडीची डावी बाजू, दमलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तशी, खाली बसली. गाडी सरळ झाली.

उस्तादांनी ते पाहिलं. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं असावं, कारण त्याने मोजे घातलेले हात एकमेकांवर घट्ट दाबले.

"हँडल काढा," तो म्हणाला. "मग मी गाडी घेतो. आहे त्या किमतीला."

"साहेब, आठ दिवस लेथवर घालवलेत मी त्यावर. गाडीला शोभा आहे ती."

"जशी होती तशी हवी."

"होती म्हणजे? कशी होती ते तुम्हाला काय ठाऊक?"

"माझीच होती," म्हातारा म्हणाला.

वहिनी पायऱ्या उतरून खाली आल्या. "त्या बाजूला कोण बसायचं?"

"आमची मंडळी."

"आता कुठे असतात?"

"तिला मधेच उतरायची सवय होती," म्हातारा गाडीकडे बघत म्हणाला, जणू प्रश्न त्याने ऐकलाच नव्हता. "सिग्नलला थांबलं की दार उघडायची आणि चालायला लागायची. भर रस्त्यात. लोक बघायचे. चांगल्या घरच्या बाईला शोभतं का ते? म्हणून मी हँडल काढून टाकलं. तिच्याच भल्यासाठी." तो जरा थांबला. "मग एकदा तलावाच्या वळणावर गाडी घसरली, पाण्यात गेली. मी माझ्या बाजूने बाहेर आलो. माझ्यामागे ते दार पाण्याच्या दाबाने लागलं. ती... तिच्या बाजूने प्रयत्न करत होती."

"तुम्ही बाहेरून उघडलं नाहीत?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच वहिनींकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे पाणावलेले. "मला पोहता येतं, बाई. पण पाणी फार गार होतं."

लांब कुठेतरी एक गाडी भोंगा वाजवून गेली. आत, गाडीच्या डाव्या काचेवर, उन्हात, आतून धुकं धरलं होतं.

"काढा ते हँडल," म्हातारा उस्तादांना म्हणाला. "मग चालवून बघतो आणि इथेच सही करतो."

उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. वहिनी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "नका काढू."

"अगं, गिऱ्हाईक म्हणतंय..."

"आत कुणी आहे. तुम्हाला ठाऊक आहे, आत कुणी आहे."

"आहे," उस्ताद तितक्याच हळू म्हणाले. "आणि ते घेऊन जाणारा समोर उभा आहे. मला सुटू दे गं यातून."

वहिनी बाजूला सरल्या. दोन वर्षं त्यांनी देवाकडे नेमकं तेच मागितलं होतं.

उस्तादांनी डावं दार उघडलं, एक हात सीटवर टेकून दाराच्या आतल्या बाजूचे चार स्क्रू सोडवले. उभे राहिले तेव्हा त्यांची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि ओठ निळे पडले होते. चकती भोकावर बसली. दार लागलं.

म्हातारा उजव्या बाजूने आत बसला. सीट त्याने अगदी मागे सरकवली, तरी गुडघे वर आले. चावी फिरवली. इंजिन एका दमात बोलू लागलं. त्याने काच खाली करून उस्तादांना खूण केली, या.

गिऱ्हाईक गाडी चालवून बघणार असेल तर शेजारी आपण बसायचं. कुणीही असो, ओळखीचा असो, आपल्या गाडीत त्याला एकटं सोडायचं नाही. तीस वर्षांत उस्तादांनी हे मोडलं नव्हतं. सवयीने ते डाव्या दाराकडे निघाले. वहिनींनी त्यांची ओली बाही धरली.

"तुम्ही नाही बसायचं."

"अगं, नियम..."

"जागा भरलीये," वहिनी म्हणाल्या.

उस्ताद थांबले. खाली वाकून त्यांनी चाकांकडे पाहिलं. गाडी उजवीकडे म्हाताऱ्याच्या वजनाने झुकायला हवी होती. ती सपाट होती, सुतात बांधल्यासारखी. ते दोन पावलं मागे सरले. "जाऊन या साहेब," त्यांनी ओरडून सांगितलं. "पेट्रोल पंपावरून वळा. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे."

वहिनींच्या ओठांवर चार शब्द आले होते. साहेब, तुम्हीही नका जाऊ. एवढेच. म्हातारा माणूस, पाठ ताठ धरून बसलेला. कसाही असला तरी माणूस. ज्या बाईने जन्मात मुंगी चिरडली नाही तिला चार शब्द बोलायला काय लागतं? पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो टॉवेल आला, ओला, कडेला कड लावून ठेवलेला. शब्द ओठांवरच राहिले.

गाडी फाटकाबाहेर गेली. आवाज लांब लांब होत विरला.

पंधरा मिनिटं झाली, तास झाला. ऊन उतरलं. सहाच्या सुमाराला उस्तादांनी स्कूटर काढली, वहिनी मागे बसल्या. पंपावरचा माणूस ओळखीचा होता. दोघांना बघून तो हसत पुढे आला.

"उस्ताद, विकली वाटतं गाडी? काय झळकत होती. आणि बाई चालवतात पण झकास."

"कोण बाई?"

"चालवत होत्या त्या. बारीक चणीच्या. केस ओले होते, आत्ता न्हाऊन निघाल्यासारख्या. म्हातारबाबा डावीकडे बसले होते."

"नीट आठव," उस्ताद म्हणाले. "म्हातारे उजवीकडे होते."

"डावीकडे हो. मी इथे उभा, माझ्या अगदी अंगावरून गाडी वळली. बाबा काचेवर हात मारत होते. मला आधी कळलं नाही. वाटलं, हात हलवतायत." तो जरा ओशाळला. "मग मीही हलवला."

वहिनींनी स्कूटरचा दांडा धरला. "...मग?"

"मग काय, सावकाश तलावाच्या रस्त्याला लागल्या. बाईंना काही घाई नव्हती."

गाडी सकाळी सापडली. तलावाच्या वळणावर कडेला, नीट लावलेली, ब्रेक ओढलेला, दोन्ही काचा बंद, चावी जागेवर. म्हातारा सापडला पाण्यात, काठापासून बराच आत. कपडे अंगावर, मोजे हातात. मोज्यांची बोटांवरची कातडी सोलवटून निघाली होती. आणि गाडीवर पाण्याचा थेंब नव्हता. टायरांवर रस्त्याची धूळ जशीच्या तशी, कोरडी.

चौकशीला आलेल्या पोलीस साहेबांनी उस्तादांना उजवी सीट दाखवली. ती पार पुढे सरकवलेली होती, स्टिअरिंगला पोट लागेल इतकी. "सहा फुटाचा माणूस इथे बसला कसा हो?" ते म्हणाले. उस्तादांनी मान हलवली. साहेबांनी मग कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. पोहायला उतरले, म्हातारपण, गार पाणी. सही झालेली नव्हती, म्हणून गाडी उस्तादांच्याच दारात परत आली.

उस्तादांनी तिची बॅटरी काढली, पेट्रोल उपसलं, चारी चाकं काढून माळ्यावर टाकली आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. जाहिरात मागे घेतली. मोडून भंगारात घालायला त्यांचा हात उठेना; घण उचलला की छातीत कळ यायची. लेक फोनवर विचारायची, "आई, कधी येताय?" वहिनी म्हणायच्या, "येऊ गं. गाडीचं एकदा मार्गी लागू दे." चहा त्या अजून बिनसाखरेचाच पीत होत्या.

शिवणाच्या खोलीतली गादी मात्र कोरडी राहिली. तीन आठवडे वहिनी रोज सकाळी हात लावून बघत. गादी कोरडी, उबदार, वास नाही. सुटली बिचारी, असं त्या मनाला सांगत. जिथे गेली तिथे सुखात असो. आपण जे बोललो नाही त्याबद्दल त्या रोज डोळे मिटून क्षमा मागत, आणि उठताना मन थोडं हलकं वाटे. माणसाला आशा धरून राहावंच लागतं.

अशाच एका दुपारी फोन वाजला. उस्ताद खाली अवजारं पुसत होते. वहिनींनी उचलला. एका बाईचा आवाज होता, तरुण, फार दबका. भिंतीला कान असावेत अशी ती बोलत होती.

"ती हिरवी गाडी विकायची आहे ना?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "जाहिरात काढून टाकली आम्ही."

"पण काल त्या म्हणाल्या..."

"कोण?"

"गाडी घेऊन आल्या होत्या त्या. काल दुपारी आमच्या दारावरून गेल्या, मग थांबल्या. मी गॅलरीत उभी होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे... बराच वेळ." आवाज थांबला, पुन्हा आला. "चार दिवस झाले, मी बाहेर निघत नाही. डोळ्याची सूज उतरायची आहे. त्यांनी काही विचारलं नाही. नुसता हा नंबर सांगितला."

माळ्यावर, फोनच्या बरोबर वर, चार चाकं एकावर एक रचून ठेवलेली होती. वहिनींना ती तिथून दिसत होती. वरच्या चाकाला कोळ्याने जाळं धरलं होतं.

"आणखी काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"म्हणाल्या, नवऱ्याला गाड्यांचा शौक आहे ना, त्याला बघायला पाठव. एकट्यालाच पाठव. आणि आधी वहिनींना विचार. तुम्हीच ना वहिनी?"

"...हो."

"वहिनी नको म्हणायच्या नाहीत, असं म्हणाल्या."

खालून उस्तादांनी हाक दिली. "कुणाचा फोन गं? गिऱ्हाईक आहे का?" कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता.

वहिनींनी तोंड उघडलं. नको, हा एवढासा शब्द. या वेळी तो ओठांपर्यंत आला होता, जिभेवर होता.

फोनमध्ये पलीकडे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जड पावलं. बाईचा श्वास आखडला, आणि आवाज इतका खाली गेला की वहिनींना फोन कानाला दाबून धरावा लागला.

"लवकर सांगा वहिनी," ती कुजबुजली. "ते उठले."